मावशी, खरं काय वाटलं ते सांग!

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका ताईंनी लिहिलंय, नाव देत नाही. वय पन्नाशीच्या आसपास, गाण्यात विशारद, घरीच क्लास घेतात. त्यांच्या बहिणीचा मुलगा लहानपणी त्यांच्याकडेच पेटीवर सारेगम शिकला, पुढे मुंबईला गेला आणि सॅक्सोफोन वाजवायला लागला. आता तो फ्री इम्प्रोव्हायझेशन करतो, म्हणजे चाल नाही, ताल नाही, आधी काहीच ठरलेलं नाही, तिघंचौघं बसतात आणि वाजवायला सुरुवात करतात. मागच्या वर्षी त्याने ताईंना मुंबईत अशाच एका कार्यक्रमाला नेलं. ताई लिहितात, "अर्धा तास मी समेची वाट बघत बसले, ती काही आली नाही. शेजारची पोरं डोळे मिटून माना हलवत होती. मला वाटलं एक तर हे नाटक करतायत नाहीतर मी तरी अडाणी." नंतर त्याने अल्बमची यादी पाठवली, ताईंनी ती स्वयंपाक करता करता फोनवर लावली, तर बाहेरून मिस्टर ओरडले की तो मिक्सर बंद कर. आता पुढच्या महिन्यात भाचा आणि त्याचे दोन मित्र कॉलेज रोडच्या एका छोट्या हॉलमध्ये वाजवणार आहेत आणि त्याने बजावलंय, "मावशी, पुढे बस आणि नंतर खरं काय वाटलं ते सांग, उगाच छान छान म्हणू नकोस." क्लासच्या मैत्रिणींचं मत असं की रियाज नको म्हणून शोधलेली ही पळवाट आहे. ताईंचा प्रश्न: खोटं बोलू की खरं बोलून पोराचं मन मोडू? आणि हे असलं काही आवडायला या वयात शिकता येतं का?

ताई,

तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लक्षात आली, तुम्ही अर्धा तास समेची वाट बघितलीत. म्हणजे अर्धा तास तुम्ही नीट ऐकत होतात. कंटाळलेला माणूस मोबाईल काढतो, समेची वाट बघत नाही. त्यामुळे तुम्ही अडाणी वगैरे आहात हे आधी डोक्यातून काढा. आणि त्या माना हलवणाऱ्या पोरांचं म्हणाल तर त्यातली काही नक्कीच नाटक करत असणार, आपल्याकडे सवाईला चुकीच्या मात्रेवर मान टाकणारे कमी असतात का? त्यांच्यामुळे भीमसेनजींचं गाणं खोटं ठरलं नाही आणि त्या पोरांमुळे हेही ठरत नाही. दुसऱ्याच्या मानेकडे बघून आपण ऐकतोय ते खरं का खोटं ठरवायला गेलं की डोकं उठतं, दुसरं काही होत नाही.

आता तुमचा मुख्य प्रश्न, खोटं बोलू की मन मोडू. तुम्ही दोनच दारं ठेवलीयत आणि दोन्ही दारांमागे निकाल आहे, छान किंवा वाईट. पण पोराने निकाल मागितलाय असं मला पत्रावरून वाटत नाही. 'भारी होतं रे' म्हणणारे मित्र त्याच्याकडे मुंबईत पुष्कळ असतील. त्याला ज्या बाईने पहिल्यांदा 'हा गंधार चढा लागलाय, परत लाव' असं सांगितलं त्या बाईचे कान हवेत. तुम्ही काय ऐकलंत, कुठपर्यंत बरोबर होतात, कुठे सुटलात, एवढंच. हे सांगायला संगीत आवडावं लागत नाही. यावर शेवटी परत येते, आधी ऐकण्याचं बघू.

पहिली अडचण तुमच्या तालमीतून आलीय आणि ती अडचण म्हणजे तुमचं भांडवलच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पलुस्करबुवांनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे ते नाशिकला येऊन राहिले, त्यांच्या त्या परंपरेमुळे तुमच्या-माझ्यासारख्यांच्या घरात गाणं आलं, परीक्षा आल्या, अभ्यासक्रम आला. त्यातून एक सवय लागते की सूर कानावर पडला की लगेच ओळखायचं, राग कुठला, थाट कुठला, वादी-संवादी काय, ताल कुठला, कितवी मात्रा चालू आहे. ओळखलं की समाधान. आता तुमच्या भाच्याच्या वादनात ओळखायला असं काहीच नाही, मग कान रिकामा फिरतो आणि रिकामा कान चिडतो. आपल्याकडे आलापीतही कलाकार आयत्या वेळीच सुचेल ते मांडतो, पण तिथे तानपुरा एक सा धरून बसलेला असतो, प्रत्येक सुराचं नातं त्या सा शी असतं, गवई कितीही लांब गेला तरी घर कुठे आहे ते त्याला माहीत असतं आणि तुम्हालाही. इथे तानपुरा नाही. इथे प्रत्येक आवाजाचं नातं शेजारच्या माणसाने आत्ता काढलेल्या आवाजाशी आहे, आणि ते नातं पाच सेकंदांनी बदलू शकतं.

म्हणून सा शोधू नका, कोण कोणाचं ऐकतंय ते शोधा. आणि हे तुम्हाला चांगलं येतं! तबलजी गाणाऱ्याच्या मागे आहे की पुढे पळतोय, पेटीवाला सूर भरतोय की नुसता गोंगाट करतोय, जुगलबंदीत एकाने टाकलेली जागा दुसऱ्याने उचलली की सोडून दिली, हे तुम्ही झोपेतही सांगाल. तोच कान इथे लावायचा. सॅक्सोफोनने एक खरखरीत लांब सूर धरला, मग ड्रमवाल्याने काय केलं? त्याने झांजेवर काठी घासून तसलाच खरखरीत आवाज काढला, का मुद्दाम कोरडे सुटे ठोके दिले, का थांबलाच? प्रत्येक वेळी काहीतरी निर्णय घेतला जातोय आणि तो तुमच्या समोर घेतला जातोय, आधी कुठे ठरलेला नाही. एवढ्या एका गोष्टीच्या मागे लागलात तरी अर्धा तास जातो. सुरुवातीला तिघांचं एकदम ऐकायला जाऊ नका, एकाला धरा, पाच मिनिटं फक्त ड्रमवाला, मग तो कोणाकडे बघतोय तिकडे तुम्हीही जा.

आणि गोंधळ फक्त तुमचाच उडाला असं समजू नका हो. ऑर्नेट कोलमन म्हणून अमेरिकेतला सॅक्सोफोनवाला, प्लास्टिकचा पांढरा सॅक्सोफोन वाजवायचा, त्याने १९५९ च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये आपली चौकडी आणली. पियानो नाही, ठरलेले कॉर्ड (म्हणजे चालीखाली एकदम वाजणारे सुरांचे गट) नाहीत, चाल वाजवून झाली की ज्याला जिकडे जायचं तिकडे जा. दोन आठवड्यांचं बुकिंग होतं ते लांबत लांबत अडीच महिन्यांवर गेलं आणि अख्ख्या शहरात भांडणं लागली. लिओनार्ड बर्नस्टाइनसारखा मोठा संगीतकार एकदम खूश, आणि ट्रम्पेटवाला माइल्स डेव्हिस, जो स्वतः जॅझमधला देवमाणूस, तो म्हणाला की हा माणूस आतून पार बिघडलेला असणार. जॉन कोलट्रेन या दुसऱ्या अमेरिकन सॅक्सोफोनवाल्याचं तर आपल्याशी थेट नातं, भारतीय संगीताने इतका भारलेला की १९६५ मध्ये झालेल्या मुलाचं नाव रविशंकरांवरून रवी ठेवलं. त्याच्या वादनाने रविशंकर थक्क झाले होते, पण त्यांनीच नंतर सांगितलंय की त्यात जी खळबळ होती ती ऐकून त्यांना त्रास व्हायचा. तेव्हा अस्वस्थ होणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही एकट्या नाही आहात, पुढे बरीच मोठी माणसं उभी आहेत.

रियाजाच्या पळवाटेचं सांगते, कारण हा आरोप मला खरंच पटत नाही. डेरेक बेली हा इंग्लंडमधला गिटारवाला, फ्री इम्प्रोव्हायझेशन म्हटलं की पहिलं नाव त्याचं, तो आधी कितीतरी वर्षं डान्स हॉलमध्ये, रेडिओवर, स्टुडिओत पोटासाठी वाजवत होता, समोर ठेवाल ते वाजवून दाखवणारा कामाचा माणूस. सेसिल टेलर, जो पियानोवर अक्षरशः तुटून पडायचा, तो बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकलेला. कोलमन स्वतः टेक्सासमध्ये नाचाच्या बँडमधून वर आला. यांना चाल वाजवता येत नव्हती म्हणून यांनी चाल सोडली असं झालेलं नाही. तरी मैत्रिणींना पटणार नाही, तर एक प्रयोग तुम्हीच करून बघा. क्लास सुटल्यावर पेटी पुढे ओढा, पाच मिनिटं वाजवा, अट एवढीच की कुठलाही राग होता कामा नये, कुठली ओळखीची फ्रेज येता कामा नये आणि आधी वाजवलेलं परत वाजवायचं नाही. मिनिटभरात बोटं यमनच्या नाहीतर भूपाच्या अंगणात जाऊन बसतील बघा. तिथून उठून दुसरीकडे जायचं आणि जाताना त्याला काहीतरी अर्थ असायला हवा, हे अवघड काम आहे. वर समोर आणखी दोघं तेच करतायत आणि तुम्हाला त्यांचंही ऐकायचंय.

पण मैत्रिणींच्या बोलण्यात थोडं तथ्यही आहे, ते लपवत नाही. वाईट फ्री इम्प्रोव्हायझेशन भरपूर असतं. राग तरी सांभाळून घेतो, बेताच्या गवयाच्या मारव्यातही थोडा मारवा असतोच, इथे सांभाळायला कोणी नाही, फसलं की पुरतं फसतं. मला वाईट कार्यक्रम ओळखायच्या दोनतीन खुणा सापडल्यात. सगळे सतत वाजवतायत आणि थांबायची कोणाची हिंमत नाही, ही पहिली. दर दहा मिनिटांनी सगळे मिळून चढत चढत आरडाओरडीला पोचतात, मग हळूहळू शांत, परत चढण, म्हणजे काही ठरवलं नाही म्हणता म्हणता साचा तयार झालेला असतो, ही दुसरी. आणि कोणी नवीन काही सुचवलं तर बाकीच्यांच्या ते लक्षातच येत नाही. जॉन स्टीव्हन्स नावाचा लंडनचा ड्रमर नवख्यांना शिकवायचा, त्याचं सांगणं साधं होतं की दुसऱ्याचं वाजवणं तुम्हाला ऐकू येत नसेल तर तुम्ही जास्त मोठ्याने वाजवताय. हे आपल्या गणपतीतल्या साउंडवाल्यांनाही सांगायला हवं, असो.

(इथे वाचकांपैकी कोणी विचारेल की फ्री जॅझ आणि फ्री इम्प्रोव्हायझेशन एकच का? अगदी एकच नाही. फ्री जॅझ काळ्या अमेरिकन कलाकारांनी जॅझमधून बाहेर काढलं, त्यात ब्लूज आहे, चर्चमधलं गाणं आहे, आपली वाट आपण ठरवणार हा हट्ट आहे, शिकागोत तर १९६५ मध्ये या लोकांनी स्वतःची संघटनाच काढली कारण क्लबवाले उभे करेनात. फ्री इम्प्रोव्हायझेशन साधारण त्याच काळात लंडन, जर्मनी, हॉलंडकडे वाढलं आणि त्यातल्या पुष्कळांनी जॅझचा ठेकासुद्धा सोडून दिला. सीमा पुसट आहे, भाच्याच्या तिघांचं काय आहे ते त्यालाच विचारा.)

आता ती यादी आणि तो मिक्सर. ताई, स्वयंपाकघरात फोनच्या स्पीकरवर हे ऐकू नका, यात तुमचा दोष नाही, पण ऐकायला काही शिल्लकच राहत नाही हो. डबल बासच्या सगळ्यात खालच्या तारेची कंपनं सेकंदाला एकेचाळीसच्या आसपास, फोनचा इवलासा स्पीकर तिथपर्यंत उतरतच नाही, म्हणजे तीन माणसांतला एक माणूस गायब. कोलमनचा 'फ्री जॅझ' नावाचा अल्बम यादीत असणारच. डिसेंबर १९६० मध्ये रेकॉर्ड केलेला, सदतीस मिनिटांचा. त्यात दोन वेगळ्या चौकड्या आहेत, आठ माणसं, एक चौकडी डाव्या कानात आणि दुसरी उजव्या कानात अशी रेकॉर्ड केलीय. फोनवर ते आठही जण एका भोकातून बाहेर येतात. मग मिस्टरांना मिक्सर वाटला तर त्यांची काय चूक? साधे पाचसातशे रुपयांचे वायरचे हेडफोन घ्या, गॅस बंद असताना बसा आणि डावी बाजू, उजवी बाजू असं आलटून पालटून ऐका, डावीकडे कोलमन, उजवीकडे एरिक डॉल्फीचा बास क्लॅरिनेट. गोंगाटात माणसं दिसायला लागतात.

तरी मी यादीची सुरुवात त्यापासून करणार नाही. पोरांना वाटतं सगळ्यात अवघड तेच आधी ऐकवावं. तुम्ही कोलमनच्याच १९५९ च्या रेकॉर्डमधलं 'लोन्ली वुमन' आधी ऐका, पाचच मिनिटांचं आहे आणि त्यात चाल आहे, चांगली दुखरी चाल. गंमत अशी की ड्रमर झांजेवर भराभर वाजवतोय, बासवाला दोन तारा एकदम छेडून धरून ठेवतोय, आणि त्या दोघांच्या वरून चाल मात्र संथ तरंगत जातेय, लयीला बांधलेली नाही. तुम्हाला विलंबित ख्यालाची सवय आहे, मात्रा खालून जात असताना गाणं वर मोकळं कसं फिरतं ते तुम्हाला कळतं, फक्त इथे सम नाही हे मनाशी ठरवून टाका.

पुढे कीथ जॅरेटचा 'कोल्न कॉन्सर्ट'. जानेवारी १९७५, जर्मनीतल्या कोलोन शहरातलं ऑपेरा हाउस, एकटा माणूस पियानोवर, काहीही न ठरवता तासाभराच्या वर वाजवलंय. त्या रात्री स्टेजवर चुकीचा पियानो आणून ठेवला होता, लहान, वरचे सूर पत्र्यासारखे, खालचे सूर अशक्त, पेडल धड नाही. आधी तो वाजवायलाच तयार नव्हता. मग त्याने काय केलं, मधल्या पट्टीत जास्त राहिला आणि डाव्या हाताने परत परत तेच ठेके धरत गेला. पियानोने त्याला वाट दाखवली म्हणा ना. हे ऐकायला इतकं गोड आहे की काही कडवे लोक याला यात धरतच नाहीत, पण मी मुद्दाम सांगतेय, कारण आयत्या वेळचं म्हणजे कर्कश हा तुमचा समज यातून सुटेल.

मग 'द नेक्स' नावाचं ऑस्ट्रेलियातलं त्रिकूट, १९८७ पासून तीच तीन माणसं, पियानो-बास-ड्रम्स. स्टेजवर एक जण काहीतरी अगदी बारीकसं सुरू करतो आणि पाऊण तास तासभर ते इतकं हळू बदलत जातं की बदललं कधी ते कळत नाही. त्यांचा 'ड्राइव्ह बाय' तासाभराचा एकच तुकडा आहे (स्टुडिओतल्या रेकॉर्डवर ते नंतरही काम करतात, ते लाइव्हसारखं निखळ नसतं). एक राग तासभर ऐकायची तुमची बैठक इथे कामी येईल, तरुण पोरांची यात चुळबुळ होते. आणि एव्हन पार्करचं एकट्याचं सोप्रानो सॅक्सोफोन, 'मोनोसेरॉस' नावाची १९७८ ची रेकॉर्ड आहे. गालात हवा साठवून ती सोडता सोडता नाकाने श्वास आत घ्यायचा, आपला पुंगीवाला गारुडी करतो तेच, त्यामुळे आवाज तुटतच नाही आणि एका नळीतून दोनतीन आवाज एकदम चालू आहेत असं वाटतं. हे दहा मिनिटांच्या वर एका बैठकीत ऐकू नका, कान भरतो.

जर्मन सॅक्सोफोनवाला पीटर ब्रॉट्झमन, त्याचा 'मशीन गन', १९६८ चा, तो यादीत असेल तर सगळ्यात शेवटी, किंवा राहू द्या. तो अल्बम युरोप पेटलेला असतानाचा आहे आणि नावाप्रमाणेच वाजतो. मला आवडतो, पण कोणाला आवडलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. कोलट्रेनचा 'असेन्शन' त्याच्या आधी लावा, अकरा माणसं, चाळीस मिनिटं. त्यात निदान सगळ्यांचा कल्लोळ, मग एकट्याचं वादन, परत कल्लोळ असा क्रम आहे, तो धरून बसलं की पार होतं.

फ्यूजनपासून सुरुवात करा असं तुम्हाला दहा जण सांगतील, सतार आणि सॅक्सोफोन एकत्र वगैरे. मी सांगणार नाही. चांगलं फ्यूजन चांगलंच असतं, पण त्यात तुम्ही परत राग शोधत बसाल, सापडेल, समाधान होईल आणि भाच्याचं वादन होतं तिथेच राहील.

एवढं रेकॉर्डचं सांगितलं खरं, पण या संगीतात रेकॉर्ड दुय्यम आहे असं वाजवणारेच म्हणतात. कॉर्नेलियस कार्ड्यू, एएमएम नावाच्या लंडनच्या फ्री इम्प्रोव्हायझेशन गटात वाजवायचा, त्याने लिहून ठेवलंय की टेपवर फक्त घडलेल्या गोष्टीचा आकार राहतो, ती जागा आणि ती वेळ त्यात येत नाही. हे पटण्यासारखं आहे. दुसऱ्यांदा ऐकताना पुढे काय येणार ते तुम्हाला माहीत असतं, वाजवणाऱ्याला तेव्हा माहीत नव्हतं, म्हणजे जी गंमत होती ती गेली. पण उलट बाजूही आहे, लाइव्हमध्ये जे निसटतं ते रेकॉर्डवर परत पकडता येतं. मी कार्यक्रमाला जायच्या आधी त्या कलाकाराची रेकॉर्ड ऐकत नाही, नंतर ऐकते. तुम्हीही भाच्याच्या जुन्या क्लिप आत्ता बघू नका.

लाइव्हला जाताना काय करायचं ते सांगते. पहिल्या रांगेत बस म्हणाला असला तरी शक्यतो जरा बाजूला बसा, जिथून तिघांचे हात आणि चेहरे दिसतील अशी जागा धरा. या संगीतातलं निम्मं डोळ्यांना दिसतं, नजर वर गेली, काठी बदलली, सॅक्सोफोन ओठांपासून दूर केला आणि तो आता ऐकायला थांबला. त्या मुंबईच्या कार्यक्रमात शेजारची पोरं डोळे मिटून होती म्हणताय, तुम्ही उघडे ठेवा. गाण्याचं नाव कोणी सांगणार नाही, नाव नसतंच. एक तुकडा वीस मिनिटांचाही असेल, चाळीसचाही. संपलं कधी ते कळत नाही हा सगळ्यांचाच प्रश्न आहे, सगळे थांबतात, शांतता होते, ती शांतता कधी वादनातलीच असते, तेव्हा टाळीची घाई नको, वाजवणाऱ्यांचे खांदे सैल झाले की संपलं. दाद द्यायची तुम्हाला सवय, मध्येच 'वा' तोंडून जाईल. आपल्या बैठकीत ते हवंच असतं, इथे लोक बहुतेक गप्प ऐकतात, कारण खोलीत झालेल्या आवाजालाही ही माणसं उत्तर देतात. गेलं तर गेलं, कोणी हाकलून देत नाही, भाच्याला बहुतेक आनंदच होईल.

आणि अंगाला काय वाटतं तिकडेही जरा लक्ष असू द्या. आपण नाशिककर, ढोलपथकाच्या सरावाला मैदानाच्या कडेला उभं राहिल्यावर छातीत जे होतं ते आपल्याला माहीत आहे, तिथे कोणी विचारत नाही की ह्यातून काय सांगायचंय. ड्रमवाला वाजवायला लागला की मन 'हे काय चाललंय' विचारेल, त्याला म्हणावं थांब.

मध्ये कंटाळा आला तर येऊ द्या. पाच मिनिटं मन भटकलं, उद्याच्या डब्याचा विचार आला, तरी परत या, काही हुकलेलं नसतं, कारण इथे कथानक नाही. आणि अगदी असह्य झालं तर दोन तुकड्यांच्या मध्ये बाहेर जाऊन चहा घेऊन या, त्यात अपमान काही नाही, तुकडा चालू असताना उठू नका एवढंच.

आता भाच्याला काय सांगायचं. पर्समध्ये छोटी वही ठेवा, कार्यक्रम झाल्यावर लगेच, टाळ्या चालू असतानाच, दोनतीन जागा लिहून ठेवा, कारण अर्ध्या तासात पुसट होतात. 'तू तो लांब सूर धरलास आणि बाकी दोघं थांबले, तिथे मी श्वास धरून होते.' 'मध्ये तिघंही जोरात होतात, तिथे मला तुझं काहीच ऐकू येत नव्हतं, तुला येत होतं का?' 'शेवट मला दोनदा झाल्यासारखा वाटला.' असं सांगा. हा 'तुला येत होतं का' प्रश्न महत्त्वाचा, कारण त्याचं उत्तर त्याला स्वतःलाही शोधावं लागेल. एकूण आवडलं का असं त्याने सरळ विचारलंच, तर सरळ सांगा, 'अजून माहीत नाही रे, पण परत येईन', अर्थात परत जायचं असेल तरच. नसेल जायचं तर 'माझं मन यात रमत नाही, पण तू ऐकतोस चांगला' हेही मावशी म्हणू शकते, तो तुमच्याकडूनच ऐकायला शिकलाय. मन मोडतं ते खोट्या कौतुकाने जास्त मोडतं, तुम्ही शिकवता, तुम्हाला हे माझ्याहून चांगलं माहीत आहे.

वयाचं विचारलंत. वयापेक्षा मला सवयीची काळजी आहे आणि सवय हलवायला एक उपाय तुमच्या घरातच आहे. जॉन स्टीव्हन्स, वर सांगितलेला, त्याचे शिकवण्याचे दोन खेळ तुमच्या क्लासमधल्या मुलींना घेऊन करा. एक, प्रत्येकीने आपल्या श्वासाला जमेल तितका लांब एकच सूर लावायचा, कुठलाही, ठरवून नाही, श्वास संपला की थांबायचं, परत श्वास घेऊन परत लावायचा, आणि लावताना बाकीच्यांचं ऐकत राहायचं. दुसरा उलटा, प्रत्येकीने शक्य तेवढा छोटा आवाज काढायचा, नुसता टिचकीएवढा, आपापल्या वेळी. पहिली दोन मिनिटं हसण्यात जातील. नंतर खोलीत काहीतरी जमायला लागतं आणि ते कोणी जमवलं ते कोणालाच सांगता येत नाही. लहान मुली हे मोठ्यांपेक्षा लवकर करतात. दहा मिनिटं करून मग नेहमीचे पलटे घ्या, सूर लावण्यात फरक पडतो का बघा, मला तरी पडतो असं वाटतं.

तुमच्यासारख्या प्रश्नात अडकलेले नाशिकचे आणखी वाचक असणार, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. हे संगीत परक्या ग्रहावरचं नाही, १९७८ मध्ये मुंबईच्या रंगभवनमध्ये जॅझ यात्रा सुरू झाली तेव्हा पहिल्याच वर्षी सोनी रॉलिन्स हा मोठा अमेरिकन सॅक्सोफोनवाला येऊन वाजवून गेला, आणि जुन्या हिंदी गाण्यांमागचे वाद्यवृंद रचणारे कितीतरी गोवेकर वादक मूळचे जॅझवालेच. मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात जॅझचे कार्यक्रम होतात, छोट्या जागांवर प्रयोगही चालतात, पण कार्यक्रम असतो रात्री आणि आपली पंचवटी एक्सप्रेस सीएसएमटीवरून सव्वासहालाच सुटते, त्यामुळे ठाण्याला नाहीतर डोंबिवलीला एखादी आत्या-मावशी असेल तर संबंध चांगले ठेवा. नाहीतर चारपाच जण मिळून कोणाच्या तरी हॉलमध्ये बसा, बरा स्पीकर लावा, एक रेकॉर्ड अखंड ऐका, मध्ये बोलायचं नाही, नंतर काय ते भांडा. एकट्याने ऐकताना माणूस लवकर बंद करतो, चौघांत लाजेकाजेस्तव तरी शेवटपर्यंत बसतो.

आणि ताई, त्या क्लासच्या मैत्रिणींना कॉलेज रोडला या वेळी तरी बरोबर नेऊ नका. त्या तुमच्याकडे बघत बसतील आणि तुम्ही भाच्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे. मिस्टरांना मात्र न्या, ज्याने मिक्सर ओळखला त्याचे कान चालू आहेत.